मोनीत राहा, पण मोनीतील जमीन घेऊ नका

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातील एका दांपत्याने लिहिले आहे. दोघेही पन्नाशीच्या आसपास आहेत. पती लवकरच स्वेच्छानिवृत्ती घेणार आहेत आणि पत्नी पुण्यातील एका कंपनीचे काम घरून करतात. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर, केलिमुतु ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या मोनी या गावात ते काही दिवस राहून आले आणि त्या गावाने त्यांना ओढ लावली. तेथील ओळखीच्या एका तरुणाने त्यांना सुमारे १००० चौरस मीटर जमीन दाखवली आहे. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नसल्यामुळे ती आपल्या नावावर घ्यावी, आपसांत वेगळा करारनामा करावा आणि तिच्यावर चार खोल्यांचे अतिथिगृह बांधावे, असे त्याने सुचवले आहे. गावाकडचा भूखंड विकून आलेले ३५ लाख रुपये या दांपत्याच्या हाताशी आहेत. वर्षातील सहा महिने मोनीत राहण्याचा त्यांचा मानस आहे. ‘जमीन घ्यावी का, पैसे कसे न्यावेत आणि तिथले राहणे आम्हांला झेपेल का?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘बहुधा होय’ असे आहे आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ही दोन उत्तरे एकमेकांच्या विरोधात नाहीत, हेच मला आज सविस्तर सांगायचे आहे. मोनीत राहण्यासाठी मोनीतील जमीन लागत नाही. किंबहुना ती नसली तरच तुमचे तेथील राहणे निर्वेध होईल, असे माझे मत आहे.

प्रथम कायदा पाहू. इंडोनेशियाचा मूलभूत जमीन कायदा १९६० सालचा आहे. त्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी, जिला तेथे ‘हक मिलिक’ म्हणतात, ती केवळ इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळते. त्याच कायद्याच्या २६व्या कलमात पुढे असे म्हटले आहे की, परदेशी व्यक्तीकडे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे मालकी जावी म्हणून केलेला कोणताही व्यवहार रद्दबातल ठरतो, ती जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. यातील ‘अप्रत्यक्षपणे’ ही तरतूद तुमच्या मित्राने सुचवलेल्या व्यवस्थेला नेमकी लागू पडते. जमीन त्याच्या नावावर, आणि सोबत कर्जाचा करार, मुखत्यारपत्र व ‘खरा मालक हाच’ असे कबुलीपत्र, असा कागदांचा संच बालीत अनेक वर्षे तयार होत आला आहे. परंतु वाद न्यायालयात गेला की हा संच टिकेल असा भरवसा कोणताही प्रामाणिक नोटरी देणार नाही. वाद होण्यासाठी मित्राने फसवावेच लागते असेही नाही. त्याचे लग्न होईल, त्याला कर्ज होईल, त्याच्या पश्चात त्याच्या भावंडांचा हक्क येईल. आणि त्या प्रत्येक वेळी कागदोपत्री मालक तोच असेल. तुमच्याजवळ उरेल तो कायद्याला चकवण्यासाठी केलेला एक करार, जो न्यायाधीशापुढे ठेवणे म्हणजे स्वतःविरुद्धच पुरावा देणे होय.

आता त्याहून महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो, कारण कायद्यातील पळवाटा सांगणारे तुम्हांला पुष्कळ भेटतील, पण ही गोष्ट सांगणारे कमी भेटतील. मोनी आणि आसपासची गावे लिओ समाजाची आहेत. लिओ समाजात जमिनीचा कारभार ‘मोसालाकी’ म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या प्रमुखांकडे असतो. पेरणी केव्हा करायची, कोणत्या दिवशी शेतात पाऊल टाकायचे नाही, नव्या पिकाचा विधी केव्हा व्हायचा, हे तेच ठरवतात. कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपापली शेते कसतात, पण कसण्याचा हा हक्क गावाच्या विधींत आपला वाटा उचलण्याच्या कर्तव्याशी बांधलेला असतो. अशा जमिनीपैकी काहींना सरकारी प्रमाणपत्र मिळालेले असते, तर काहींना नसते. ज्या तुकड्याला प्रमाणपत्र आहे त्याच्यामागेही गावाच्या दृष्टीने मोसालाकीची संमती असावी लागते. तुमच्या मित्राने दाखवलेल्या जमिनीबाबत त्याच्या कुटुंबातील इतरांना आणि मोसालाकींना विचारले आहे का, याचा तुमच्या पत्रात कोठेही उल्लेख नाही. माझ्या मते सर्वांत आधी पडायला हवा होता तो हा प्रश्न.

आपल्याकडच्या वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीखेरीज शेतजमीन घेता येत नाही आणि आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून महसूल कायद्यात वेगळी तरतूद आहे. तरीही दुसऱ्याच्या नावावर जमिनी घेऊन, खोटे शेतकरी दाखले काढून या तरतुदींना कशी भोके पाडली गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोकणातील एखाद्या वाडीत बाहेरच्या माणसाने गावकऱ्याच्या नावावर डोंगर विकत घेतला तर आपण त्याला काय म्हणू? मोनीच्या माणसांनी तुम्हांला तेच म्हणावे असे तुम्हांला वाटत नसणार, हे तुमच्या पत्राच्या सुरावरून मला स्पष्ट दिसते.

त्यातच फ्लोरेसमध्ये जमीन हा सध्या फार नाजूक विषय आहे. सरकारने २०१७ मध्ये हे बेट ‘भूऔष्णिक बेट’, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज काढण्याचे बेट, म्हणून जाहीर केले. मोनी ज्या एंदे जिल्ह्यात आहे त्यातच, केलिमुतुपासून फार लांब नसलेल्या सोकोरिया येथील भूऔष्णिक वीजकेंद्र २०२२ पासून वीज देऊ लागले आहे. बेटावर अन्यत्र अशा प्रकल्पांना गावांनी ठामपणे विरोध केला आहे. बेटाची बहुसंख्य वस्ती कॅथलिक असल्याने चर्चच्या शब्दाला तेथे मोठे वजन आहे, आणि २०२५ च्या आरंभी एंदेच्या आर्चबिशपांनीही या प्रकल्पांना उघड विरोध दर्शवला. पश्चिम टोकाला लाबुआन बाजो येथे कोमोडोच्या पर्यटनामुळे जमिनींचे जे झाले, तेही पूर्वेकडच्या गावांनी पाहिले आहे. बाहेरचा माणूस जमीन विचारत आला की गावात कुजबुज होणे म्हणूनच स्वाभाविक आहे. तुमचा हेतू चांगला असेल, पण गावाला दिसतो तो व्यवहार.

‘मग रीतसर कंपनी काढून अतिथिगृह बांधले तर?’ असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. परदेशी भांडवलाच्या कंपनीला इमारत बांधण्याचा ठरावीक मुदतीचा हक्क मिळू शकतो, हे खरे. परंतु अशी कंपनी मोठ्या उद्योगाच्या वर्गातच मोडते, आणि तिच्यासाठी जमीन व इमारत वगळून १० अब्ज रुपियांहून (रुपिया हे इंडोनेशियाचे चलन) अधिक गुंतवणुकीची अट आहे. एका भारतीय रुपयाला साधारण १८० ते १९० रुपिया धरले, तरी ही रक्कम पाच कोटी रुपयांच्या वर जाते. चार खोल्यांचे अतिथिगृह हा व्यवसाय इंडोनेशियाने मुद्दामच आपल्या लहान व्यावसायिकांसाठी ठेवला आहे, आणि मोनीत तो तेथील कुटुंबे चांगला चालवत आहेत. पहाटे केलिमुतुवर जाणारे प्रवासी एक-दोन रात्री मुक्काम करून पुढे जातात आणि त्यांची खरी गर्दी कोरड्या हंगामात असते. एवढ्या मर्यादित बाजारात आणखी चार खोल्या उभ्या करून तुम्ही ज्यांच्या घरी राहिलात त्यांच्याच पोटावर पाय द्याल. हे तुम्ही लक्षात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक आणखी धोका येथेच सांगून ठेवतो. मित्राच्या नावाने अतिथिगृह सुरू झाले आणि तुम्ही पर्यटक म्हणून राहताना पाहुण्यांची नोंद केली, पैसे घेतले किंवा स्वयंपाकघर सांभाळले, तर तो राहण्याच्या परवान्याचा गैरवापर ठरतो. २०११ च्या इमिग्रेशन कायद्यात त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० कोटी रुपियांपर्यंत दंड सांगितला आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना देशाबाहेर पाठवून पुन्हा येण्यास बंदी केली जाते. ज्या गावात सहा महिने राहायचे स्वप्न तुम्ही पाहता, तेथे पुन्हा पाऊल टाकता न येणे ही शिक्षा तुमच्यासाठी दंडापेक्षा मोठी असेल.

तर मग काय करावे? घर भाड्याने घ्यावे. परदेशी व्यक्तीला घर भाड्याने घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. मोनीत किंवा शेजारच्या कोआनारा, वोलोआरा या गावांत एखाद्या कुटुंबाचे रिकामे घर अथवा घराचा एक भाग एका हंगामासाठी घ्या. करार इंडोनेशियन भाषेत लेखी करा. गावच्या कार्यालयात आपली नोंद करा आणि मोसालाकींना भेटून आपण कोण, किती दिवस राहणार, हे स्वतः सांगा. घरात पाण्याची किंवा संडासाची सोय करून घ्यायची असेल, तर तो खर्च भाड्यातून वळता होईल असे करारात नमूद करा. यातून घरमालकाची मालमत्ता सुधारेल, तुमची सोय होईल आणि कोणाच्याही मनात किंतु राहणार नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला भारताच्या परकीय चलन नियमांत परदेशी स्थावर मालमत्ता घेतल्याचे निर्बंधही लागत नाहीत, हा आणखी एक लाभ.

व्हिसाचा विचार राहण्याच्या मुदतीप्रमाणे करावा. विमानतळावर मिळणारा व्हिसा भारतीयांना ५ लाख रुपियांत ३० दिवसांसाठी मिळतो आणि तो एकदाच ३० दिवसांनी वाढवता येतो. मोनीहून त्यासाठी साधारण शंभर किलोमीटरवरील मौमेरेच्या इमिग्रेशन कार्यालयात जावे लागेल. पहिल्या खेपेला एवढेच पुरे. पुढे अधिक राहायचे ठरले तर ६० दिवसांचा पर्यटक व्हिसा आधी काढून घेऊन तो वाढवत नेता येतो. मुदत उलटून राहिल्यास दर दिवशी १० लाख रुपिया दंड आहे, तेव्हा तारखा भिंतीवर लिहून ठेवा. परदेशी कंपनीचे काम दुरून करणाऱ्यांसाठी वेगळा एक वर्षाचा परवानाही आहे, पण त्यासाठी वार्षिक ६०,००० डॉलर उत्पन्न दाखवावे लागते. तुमच्या पत्नींचे उत्पन्न तेवढे नसेल तर हा मार्ग विसरा. तसेच त्यांच्या कंपनीला न कळवता तेथून काम करू नका. घड्याळ अडीच तास पुढे असल्याने कामाच्या वेळा जुळतील, मात्र कंपनीची परवानगी, गावातील नेटचा वेग आणि वीज या तीन गोष्टी पहिल्या मुक्कामातच पारखून घ्या. सहा महिन्यांबाबत एक नेमका आकडा लक्षात ठेवा: कोणत्याही १२ महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक वास्तव्य झाले की इंडोनेशिया तुम्हांला कराच्या दृष्टीने आपला रहिवासी मानतो. म्हणून पाच महिने धरा, सहा नको.

पैशांविषयी. भारतातून दर आर्थिक वर्षात प्रत्येक व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, पण वर्षभरातील १० लाख रुपयांवरील रकमेवर गुंतवणुकीच्या कारणासाठी बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला कर, कापून घेते. तुम्ही सगळे ३५ लाख एकाच्या नावाने पाठवले असते, तर ५ लाख रुपये कापले गेले असते. ते विवरणपत्रात वळते होतात, पण तोवर अडकून पडतात. पाठवलेले पैसे १८० दिवसांत ठरलेल्या कामी लागले नाहीत, तर ते परत आणावे लागतात. परदेशातील बँक खाते आणि मालमत्ता दरवर्षी आयकर विवरणपत्राच्या स्वतंत्र परिशिष्टात दाखवावी लागते, आणि ती लपवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. आता विचार करा, मित्राच्या नावावरची जमीन तुम्ही त्या परिशिष्टात काय म्हणून दाखवाल? दाखवली तर इंडोनेशियातील करार उघड होतो आणि न दाखवली तर भारतातील कायदा मोडतो. या एका प्रश्नावरच तो व्यवहार थांबायला हवा.

३५ लाखांपैकी ३० लाख येथेच ठेवा. वयाच्या या टप्प्यावर, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, भूखंड विकून आलेली रक्कम परत उभी करणे कठीण असते. उरलेल्या पाचांतून पहिल्या दोन हंगामांचे भाडे, प्रवास, विमा आणि शिकवणी भागेल. शिकवणी म्हणजे इंडोनेशियन भाषेची, कारण मोनीत आपसांत लिओ बोलली जात असली तरी इंडोनेशियन सर्वांना येते, आणि ती लॅटिन लिपीत असल्याने तुम्हांला वाचायला लवकर जमेल.

गुंतवणूक करायचीच असेल, तर ती वस्तूंत करा. मोनीच्या दक्षिणेला असलेल्या जोपू, न्गेला यांसारख्या गावांत बायका हातमागावर इकत विणतात. सूत बांधून रंगवण्यातच आठवडे जातात, आणि नैसर्गिक रंगांचे मोठे वस्त्र पुरे व्हायला अनेक महिने लागतात. या वस्त्रांची पारख असलेले ग्राहक पुण्या-मुंबईत नक्कीच आहेत. आयात-निर्यात क्रमांक काढून, आसियान देशांशी असलेल्या व्यापार कराराखाली उगमाचा दाखला मिळतो का ते पाहून, थोडा माल रीतसर आणता येईल. विणकरीणीला घासाघीस न करता तिने सांगितलेली किंमत द्यावी, आगाऊ रक्कम द्यावी आणि वस्त्रावर तिचे नाव व गाव तिच्या संमतीने लिहावे. भांडवल लहान, जोखीम मर्यादित आणि लाभ थेट गावाला. डोंगरउतारावर कॉफी, लवंग आणि कोकोही होतो, पण शेतमालाच्या आयातीचे नियम किचकट आहेत. त्यात सुरुवातीला पडू नये.

तिथले राहणे झेपेल का, याविषयी तुम्ही सर्वांत कमी लिहिले आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. मोनीपासून एंदे शहर सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, पण रस्ता घाटाचा आहे आणि पावसाळ्यात दरडी कोसळून तो बंद पडतो. मोठा पाऊस डिसेंबर ते मार्च असतो. तुमचे पाच महिने मे ते सप्टेंबर असावेत. हृदयविकारासारखा प्रसंग आला तर एंदेच्या सरकारी रुग्णालयात पोहोचायला दीड-दोन तास लागतील आणि पुढच्या उपचारासाठी बालीला विमानाने जावे लागेल. म्हणून अशा स्थलांतराचा खर्च स्पष्टपणे मान्य करणारा विमा घेतल्याशिवाय निघू नका. फ्लोरेसमध्ये १९९७ पासून कुत्र्यांमध्ये रेबीज आहे. दोघांनीही निघण्यापूर्वी लसीकरण करून घ्यावे आणि मलेरियाविषयी डॉक्टरांना विचारावे. तुम्ही शाकाहारी आहात असे लिहिले आहे. भात, टोफू, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), मका, कंद आणि कसाव्याची पाने यांवर उत्तम निभावेल. फक्त चटणीत वाटलेली सुकी कोळंबी असते, ती आधी विचारून घ्यावी.

बेट भूकंपाचे आणि ज्वालामुखींचे आहे, हे विसरून चालणार नाही. १२ डिसेंबर १९९२ रोजी फ्लोरेसच्या उत्तर किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाने आणि त्सुनामीने दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. नोव्हेंबर २०२४ मध्ये बेटाच्या पूर्व टोकावरील लेवोतोबी ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा माणसे तर गेलीच, पण मौमेरेची आणि बालीचीही विमाने रद्द झाली. परतीच्या तिकिटापुढे आठवडाभराची मोकळीक ठेवा. जे घर भाड्याने घ्याल ते लाकडी चौकटीचे आणि हलक्या छपराचे असेल, तर मला अधिक बरे वाटेल.

प्रवासासाठी तुम्ही फक्त केलिमुतुचा उल्लेख केला आहे. तेथील तीन तलाव वेगवेगळ्या रंगांचे असतात आणि पाण्यात मिसळणारे वायू व खनिजे बदलली की रंगही बदलतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. लिओ श्रद्धेनुसार मेलेल्यांचे आत्मे तेथे जातात: वृद्धांचे एका तलावात, तरुणांचे दुसऱ्यात आणि दुष्टांचे तिसऱ्यात. दरवर्षी १४ ऑगस्टला मोसालाकी डोंगरावर पूर्वजांना अन्न अर्पण करतात. त्या दिवशी तुम्ही तेथे असाल तर आधी विचारून जा, सांगतील तेथेच उभे राहा आणि कॅमेरा विचारल्याशिवाय काढू नका. एंदे शहरातही दोन दिवस द्या. डच सरकारने सुकार्नो (पुढे इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष) यांना १९३४ ते १९३८ या काळात तेथे हद्दपार करून ठेवले होते, ते घर जपलेले आहे. ज्या झाडाखाली बसून त्यांनी पुढे इंडोनेशियाच्या ‘पंचशील’ या राष्ट्रीय तत्त्वांच्या रूपाने मांडलेल्या विचारांचे चिंतन केले असे सांगतात, त्या जागीही जाता येते. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी काढलेल्या वर्षांची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला ते छोटे घर पाहताना बरेच काही सुचेल.

राहिला प्रश्न तुमच्या मित्राचा. तुम्ही त्याला ‘पुढच्या महिन्यात इसार पाठवतो’ असे कळवले आहे. तो पाठवू नका, आणि गप्पही बसू नका, कारण त्याने तुमच्या शब्दावर कुटुंबात किंवा शेजारी बोलणी केली असतील. याच आठवड्यात त्याला फोन करा. कायद्याने आम्हांला जमीन घेता येत नाही, तुझ्या नावावर घेऊन तुला अडचणीत टाकायचे नाही, म्हणून आमचा शब्द आम्ही मागे घेतो, असे सरळ सांगा. मोजणीसाठी किंवा कागदांसाठी त्याचा काही खर्च झाला असेल तर तो भरून द्या. त्यानंतर त्याच संभाषणात मे महिन्यापासून भाड्याने मिळेल असे घर शोधायला त्याची मदत मागा आणि त्या श्रमाचे पैसे त्याला रीतसर द्या. तो खरोखर मित्र असेल तर एवढ्यावर राजी होईल. झाला नाही, तर मोनीत अतिथिगृह चालवणारी आणि घर भाड्याने देऊ शकणारी इतर कुटुंबे आहेत; पहिल्या महिन्यात त्यांच्यापैकी एखाद्याकडे खोली घेऊन उतरा आणि घर स्वतः फिरून शोधा.